साइमीचे राखाडी चौकोन

ऑगस्टमधली दुपार होती. मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत एका बंद पडलेल्या प्रिंटरशी झटापट करत होते, तेवढ्यात मेर्वीचा फोन आला.

"तुइरे, टॅब तळ्यात पडला."

"कुणाचा?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं कुणाचा ते.

मेर्वी, तिचा नवरा यौको आणि त्यांची सतरा वर्षांची मुलगी साइमी यांना मी साइमीच्या जन्मापासून ओळखते. साइमीला बोलता येत नाही. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे जीभ, मान, पाय यांतलं काहीच पुरतं तिच्या ताब्यात नाही. उजव्या हाताचा अंगठा तेवढा ती म्हणेल तिथे जातो. ऐकू सगळं येतं, कळतं तर आपल्यापेक्षा दोन पावलं पुढचं. अक्षरं मात्र तिला कधी जमली नाहीत. शाळेने वर्षानुवर्षं प्रयत्न केले, पण अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर स्थिर राहत नाहीत. ती चित्रांनी बोलायची. चाकाच्या खुर्चीला लावलेल्या टॅबवर चौकोन असायचे, प्रत्येक चौकोनात एक चित्र. अंगठ्याने दाबलं की टॅब तो शब्द मोठ्याने म्हणायचा.

हा प्रोग्रॅम यौकोने तिच्यासाठी लिहिला होता. नाव ठेवलं होतं कूक्केली. आमच्या जंगलात स्कीइंग करताना माणसाच्या अगदी हाताशी येऊन बसणारा जो धीट पक्षी असतो, त्याचं नाव. यौको कागद कारखान्यात यंत्रांच्या नियंत्रण कक्षात कामाला होता. दिवसभर तिथे आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कूक्केली. पुढे त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, बदलावा, पैसे नाहीत. मी त्याची चाचणी करायचे, चुका शोधायचे, भाषांतरं सांभाळायचे. बघता बघता पाचसहा देशांतल्या घरांमध्ये न बोलणारी माणसं कूक्केलीवर बोलायला लागली.

मार्चमध्ये यौको बर्फाला भोक पाडून मासे धरायला काल्लावेसी तळ्यावर गेला आणि तिथेच स्टुलावर बसल्या बसल्या गेला. हृदय बंद पडलं. बाजूच्या भोकाशी बसलेल्या माणसाला वाटलं, हा डुलकी काढतोय.

"तळ्याच्या लाकडी धक्क्यावर बसलो होतो दोघी," मेर्वी फोनवर सांगत होती. "तिला पाण्यात पाय सोडायचे होते. मी खुर्ची वळवली आणि टॅबचा स्टँड कलला. स्क्रू ढिला असणार. शेजारचा ओस्मो लगेच उतरला गं पाण्यात, चिखलातून काढला सुद्धा. पण मेलाय तो."

"नवा घे. प्रोग्रॅम इंटरनेटवर आपल्या पानावर आहे."

"घेतला. उतरवूनही घेतला. शाळेतल्या मदतनीस बाईंनी तिच्या पानांची मांडणी जपून ठेवली होती, तीही घातली. पण सगळं राखाडी येतंय, तुइरे. चौकोन आहेत, आत काही नाही. तू ये."

मी गेले तेव्हा साइमी स्वयंपाकघरात खिडकीपाशी होती. मेर्वीने कॉफी ठेवली होती आणि राय धान्याच्या पिठाच्या, भात भरलेल्या करंज्या तशाच थंड होत होत्या. साइमीने मला पाहिलं आणि अंगठा उचलून खालच्या ओळीतला शेवटून दुसरा चौकोन दाबला. त्या जागेवर माझा चौकोन होता. "तुइरे, जरा श्वास घे." मी फार बोलते म्हणून बापलेकीने मिळून केलेला. दारात पाऊल टाकलं की पहिली हीच सलामी असायची.

टॅब काहीच बोलला नाही. पडद्यावर एक ओळ उमटली: "चित्र सापडलं नाही. गेलं कुठे?"

साइमीने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ.

"ही ओळ त्याचीच ना?" मेर्वीने विचारलं. "असं दुसरं कोण लिहितं?"

"त्याचीच." कोरडी सूचना लिहायला यौकोला कधी जमलंच नव्हतं.

साइमीने माझ्याकडे पाहिलं आणि मग ती दाबतच सुटली. वरची ओळ, मधली ओळ, पान बदल, पुन्हा वरची ओळ. तिच्या अंगठ्याला सगळ्या जागा पाठ होत्या. ती पूर्ण वाक्यं बोलत होती, हे दिसत होतं. मध्ये थांबत होती, आमच्याकडे बघत होती, पुढचं म्हणत होती. आणि टॅब दरवेळी विचारत होता, गेलं कुठे? गेलं कुठे? शेवटी तिने अंगठा मुठीत दाबून धरला आणि घशातून असा आवाज काढला की मेर्वी उठून तिच्या पायाशी जाऊन बसली.

मी प्रोग्रॅमच्या आत पाहिलं. जे व्हायला नको होतं तेच झालं होतं. शाळेने जपलेल्या मांडणीत फक्त आकडे होते. या जागी अमुक क्रमांकाचं चित्र, त्या जागी तमुक. चित्र आणि त्याचा शब्द दोन्ही एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये बांधलेले असायचे. ती बांधणी यौकोने स्वतः शोधून काढली होती. सुरुवातीच्या काळात टॅब इतके संथ होते की नेहमीच्या पद्धतीचं चित्र उघडेपर्यंत साइमी काय बोलत होती तेच विसरायची. म्हणून त्याने आपली पुडी बांधली. पुडी इवलीशी आणि झटकन उघडणारी, पण ती कूक्केलीशिवाय जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमला उघडता येत नव्हती. आणि पुड्यांचं ते फोल्डर सगळ्यांसाठी ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये नव्हतंच.

नाही म्हणजे कधीच नव्हतं. आमच्या पानावर परक्या लोकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं पडून होत्या: 'सोबतच्या फाइल सापडत नाहीत', 'चित्रांचं फोल्डर कुठे आहे?' यौको प्रत्येकाला आपुलकीने उत्तर द्यायचा, "घरातली चित्रं बाजूला काढतो आणि उद्या टाकतो," आणि तोवर त्या एकट्या माणसाला मेलने एक गठ्ठा पाठवून द्यायचा. माणूस खूश. उद्या काही उजाडायचा नाही. पुड्या बांधायचं अवजारही त्याच्याच लॅपटॉपवर होतं.

"मग लॅपटॉप उघड ना!" मेर्वी म्हणाली.

"पासवर्ड?"

तिने कपाटातून लॅपटॉप आणला. कुत्र्याचं नाव झालं, होडीचं नाव झालं, साइमीचा वाढदिवस पुढून आणि मागून झाला. त्याच्या आईचं माहेरचं नाव, कारखान्यातल्या यंत्राचा क्रमांक, सगळं झालं. मी माझ्या ओळखीच्या एका जाणकाराकडे तो घेऊन गेले. त्याने दोन आठवडे ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाला, "तुमच्या मित्राने कुलूप फार चांगलं लावलंय. माझ्याच्याने नाही होणार, आणि कुणी होईल म्हटलं तर विश्वास ठेवू नका."

मेर्वी त्या दिवशी यौकोवर चिडली. तो गेल्यापासून मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. "चोर येणार होते होय याच्या घरी? कोण चोरणार होतं याच्या मुलीचे शब्द?" ती भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती. "मासे ठेवायच्या खोक्याला कधी कुलूप लावलं नाही या माणसाने!"

साइमीने डोळे वर केले. वर बघणं म्हणजे हो, आणि डोळे मिटणं म्हणजे नाही. टॅबशिवाय तिच्याकडे एवढंच उरलं होतं. पण तेवढ्यातही ती आईच्या बाजूने बोलली.

मी आमच्या पानावर लिहिलं. यौको गेला हे बऱ्याच जणांना माहीतही नव्हतं. मी लिहिलं, त्याच्या मुलीची चित्रं गेली आहेत, त्याने तुम्हाला कधी काही पाठवलं असेल तर आम्हाला द्या. पहिलं उत्तर एस्टोनियातून आलं, तार्तूहून. काल्यू नावाचा निवृत्त भूमापक होता. पाच वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची, हेल्वेची, पक्षाघाताने वाचा गेली होती आणि तेव्हापासून ती कूक्केलीवर बोलत होती. लेखी उत्तराने त्याचं समाधान झालं नाही, त्याने फोनच केला. मोडकी तोडकी फिनिश, पण आवाज खणखणीत.

"यौको गेला? आणि मला कुणी सांगितलं नाही? अहो, दर नाताळला फोन करायचा मला तो. हेल्वेला विचारायचा, नवरा नीट वागतो की नाही. ती 'नाही'वर दाबायची आणि दोघं मला हसायची." मग म्हणाला, "माझ्याकडे गठ्ठा आहे. जुना आहे, फिनिश शब्दही आहेत त्यात. पण माझ्याकडून आजवर काही हरवलेलं नाही. लगेच पाठवतो."

गठ्ठा आला, आणि उघडेना. यौकोने मधल्या काळात पुड्यांची बांधणी बदलली होती, आणि जुन्या पुड्या उघडणारा भाग प्रोग्रॅममधून काढून टाकला होता. मात्र खुल्या प्रोग्रॅमची एक गोष्ट बरी असते, त्याची जुनी रूपं पुसली जात नाहीत. मी मागे मागे जात राहिले. वाटेत यौकोने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपण्या भेटत होत्या. 'हे का चालतं मला माहीत नाही, पण चालतंय, हात लावू नका.' 'साइमीला सर्दी, उरलेलं सोमवारी.' वाचताना मी वाचनालयातल्या त्या खोलीचं दार लावून घ्यायचे. सप्टेंबर संपता संपता जुन्या पुड्या उघडणारा भाग सापडला आणि नव्या बांधायच्या कशा तेही कळलं.

त्या शनिवारी मी टॅब घेऊन गेले. एकेक राखाडी चौकोन भरत गेला. पाव, पाणी, दूध, बाथरूम, दुखतंय, थांब, पुन्हा. जाड काळ्या रेषांनी यौकोच्या हाताने काढलेली चित्रं. त्याच्या चित्रात कुणीही असो, बाई, बाबा, डॉक्टर, मांजर, सगळ्यांना लांबलचक नाक. साइमीने ती नाकं बघितली आणि हसली. तिचं हसू अंगभर पसरतं, खुर्ची हलते. मार्चनंतर ती असं पहिल्यांदा हसत होती. मग हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मेर्वी रुमाल घेऊन नुसती उभी राहिली.

साइमीने दाबलं: "आई. बस. पाणी."

"तुला पाणी हवंय?"

डोळे मिटले. नाही. पाणी आईसाठी होतं.

पण काल्यूच्या गठ्ठ्यात सगळ्या जगाला लागणारे शब्दच होते. साइमीचे स्वतःचे शब्द, घरातले, शाळेतले, चेष्टेचे, ते त्यात कुठून असणार? पानंच्या पानं राखाडी होती. तेव्हा आम्ही ठरवलं, एकेक चौकोन तिलाच विचारायचा. आम्ही अंदाज करायचा, तिने हो किंवा नाही म्हणायचं. मग मी चित्र काढून पुडी बांधायची. माझी चित्रकला म्हणजे आनंदच होता. मी काढलेला घोडा पाहून साइमीने दाबलं, "टेबल. दुखतंय."

"टेबल आजारी आहे म्हणते," मेर्वी म्हणाली. "खरंच तसाच दिसतोय गं तो."

ऑक्टोबरभर आमचे शनिवार असे गेले. एक चौकोन जेवणाच्या पानावर होता.

"आइस्क्रीम?" नाही. "सॉसेज?" नाही.

"तुला आवडतं का ते?" नाही. आणि तिने असं तोंड केलं की मेर्वी ओरडलीच, "लेआ मावशीचा कलेजीचा भात! मनुकावाला!"

डोळे वर. हो, हो, हो.

"म्हणजे मावशी समोर बसलेली असताना तू हे दाबायचीस, आणि टॅब काय म्हणायचा? 'नको' म्हणायचा?" नाही. "'छान' म्हणायचा?" नाही. मेर्वीने डोळे बारीक केले. "बाबाने ओकारीचा आवाज घातला होता. होय ना?"

हो. खुर्ची हलायला लागली. तो आवाज मलाच काढून भरावा लागला.

माझा चौकोनही परत आला. त्यात लांब नाकाची मी, तोंडातून वाफ येतेय. साइमी तो मी बोलत नसतानाही दाबायची.

एक पान मात्र मेर्वीने कधी पाहिलेलंच नव्हतं. मासेमारीचं पान, असं तिला वाटायचं. उन्हाळ्यात बापलेक होडीतून जायचे तेव्हा वापरायचे ते. मेर्वीला होडी लागते, ती कधी सोबत गेली नाही. पहिले चारपाच चौकोन सोपे निघाले: गळ, मासा, लागला, सुटला. नंतरचे काही केल्या कळेनात.

"होडीतलंच काही?" नाही. "खायचं?" नाही. "माणूस?" हो. "तुइरे?" नाही. "मी?" मेर्वीने विचारलं.

साइमी थांबली. मग डोळे वर गेले.

"माझ्याबद्दल बोलायचात होडीत?" मेर्वी हसली. "काय, आई रागावते?" नाही. "आई दमलीय?" हो. शेजारचा चौकोन. "आई रडते?" हो. त्याच्या शेजारचा.

मेर्वी आता हसत नव्हती. तिने सावकाश विचारलं, "आईला सांगू नको?"

हो.

"काय सांगू नको? दुखायचं तुला? रात्रीचं?"

हो.

"आणि बाबाला माहीत होतं."

हो.

मेर्वी उठली, कोट न घालताच बाल्कनीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं. बाहेर बर्फाळ पाऊस होता. मी जायला निघाले तर साइमीने दाबलं, "थांब." मग दोघी बसून काचेपलीकडची मेर्वीची पाठ बघत राहिलो.

आत आल्यावर मेर्वी मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. तिचे केस ओले होते. "मला सांगायचं," ती म्हणाली. "रडले तर रडू दे मला. रडून काही मोडत नाही मी. आता बाबा नाहीये, आता मलाच सांगायचं. कळलं?"

डोळे वर गेले. पण लगेच नाही गेले.

त्याच पानावर सगळ्यात खाली एकटा एक चौकोन होता. बाकीचे सगळे भरले तरी तो राखाडीच राहिला. तिथे कुठलं चित्र होतं, कुठला शब्द होता, आम्हाला कळेना. वस्तू का? नाही. माणूस? नाही. जागा? नाही. करायची गोष्ट? इथे ती डोळे वरही करायची नाही आणि मिटायचीही नाही, नुसतं बघत राहायची, जणू प्रश्नच चुकीचा होता. चांगलं की वाईट? तसंच. गाणं? प्रार्थना? विनोद? शिवी? मेर्वीने यौकोच्या तोंडच्या जेवढ्या म्हणून शिव्या आठवतील तेवढ्या म्हणून पाहिल्या. साइमीला त्यातल्या काही फार आवडल्या, पण तो चौकोन तो नव्हता.

काल्यूला फोनवर विचारलं. "हेल्वेचा आणि माझाही तसा एक आहे," तो म्हणाला. "काय आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही. सांगण्यासारखं नाहीच ते. आम्ही दोघं असलो की त्याला अर्थ येतो." मग म्हणाला, "ताई, तो तुम्हाला सापडायचा नाही. पण विचारणं सोडू नका, तिला बरं वाटत असेल."

साइमी मात्र तो दाबत राहायची. सॉनातून बाहेर आल्यावर, अंगातून वाफ निघत असताना. पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी. टीव्हीवर बातम्या संपून हवामान सुरू झालं की. आम्ही या वेळांमधला धागा शोधायचा प्रयत्न केला, तो मिळाला नाही. दाबून झालं की ती टॅबकडे बघायची नाही, आमच्याकडे बघायची. कुणीतरी काहीतरी उत्तर द्यायचं असायचं, एवढं नक्की होतं. यौको द्यायचा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा शनिवार येतो. त्या दिवशी सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला निघतं. आम्ही तिघी अंधार पडल्यावर, म्हणजे चार-साडेचारलाच, स्मशानभूमीत गेलो. पाऊलवाटेवर अर्धवट वितळलेलं बर्फ होतं, खुर्चीची चाकं रुतत होती, मी पुढून ओढत होते आणि मेर्वी मागून ढकलत होती. बर्चच्या झाडांखाली शेकडो ज्योती होत्या. यौकोच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नव्हता, नुसती लाकडी पाटी होती. मेर्वीने मेणबत्ती लावली. वाऱ्याने दोनदा विझली, तिसऱ्यांदा राहिली.

साइमीने हातमोजा काढायला लावला. अंगठा गारठून लाल झाला होता. तिने मासेमारीचं पान उघडलं आणि तो चौकोन दाबला. मग मान फिरवून, तिला जेवढी फिरवता येते तेवढी, आईकडे पाहिलं.

पडद्यावर ती ओळ आली. गेलं कुठे?

मेर्वीने मला मागाहून सांगितलं, तिला त्या क्षणी वाटलं की आता उत्तर दिलंच पाहिजे, इथे तरी दिलंच पाहिजे. ती वाकली आणि म्हणाली, "हो बाळा. हो."

साइमी आईच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने डोळे मिटले.

नाही.

मेर्वीचा हात खुर्चीच्या मुठीवर तसाच राहिला. आजूबाजूला माणसं हलक्या आवाजात बोलत होती, कुणाचं तरी लहान मूल मेणबत्त्या मोजत होतं. मेर्वी पुन्हा वाकली. "नाही कळलं मला," ती म्हणाली. "खोटं बोलले. मला माहीत नाही तू काय म्हणतेस. बाबाला माहीत होतं, मला नाही माहीत."

साइमीने डोळे उघडले आणि वर नेले. हो. मग तिने पान बदललं आणि रोजच्या शब्दांवर आली. "थंडी. आई. घरी."

येताना गाडीत साइमीने मला एकदाही चिडवलं नाही.

नाताळच्या आधी आम्ही कूक्केलीची नवी आवृत्ती सर्वांसाठी ठेवली. या वेळी चित्रांचं फोल्डर सोबत होतं, जुन्या पुड्या उघडणारा भाग होता, नव्या बांधायचं अवजार होतं. साइमीची घरची पानं अर्थात त्यात नव्हती, ती आता तीन ठिकाणी जपून ठेवलेली आहेत. जुन्या तक्रारी मी एकेक करून बंद केल्या. प्रत्येकीखाली यौकोचं 'उद्या टाकतो' होतं, त्याखाली मी लिहीत गेले, 'टाकलं.' काल्यू आता माझ्यासोबत कूक्केली सांभाळतो. हेल्वेची तब्येत बरी नाही, पण नवा प्रोग्रॅम तिने वापरून पाहिला आणि काल्यूच्या म्हणण्याप्रमाणे तिचं पहिलं वाक्य होतं, "नाकं तशीच ठेवा."

मेर्वी आणि साइमी यांचं आता दोघींचं एक पान आहे. त्यावर अजून फार काही नाही. रात्री दुखलं की दाबायचा एक चौकोन आहे, आणि तो साइमी दाबते. मेर्वी उठते, तिला कूस बदलून देते, कधी रडते, कधी नाही.

तो खालचा एकटा चौकोन आम्ही काढून टाकू का, असं मी जानेवारीत विचारलं होतं. साइमीने डोळे मिटले. म्हणून तो आहे. त्यानंतरही ती तो दाबायची, पण दाबून आमच्याकडे बघायची नाही. मग कधीतरी आठवड्यातून एकदा. एप्रिलमध्ये तळ्यावरचं बर्फ फुटलं त्या दिवशी आम्ही तिला बंदरावर घेऊन गेलो होतो. परतताना मेर्वी मला म्हणाली, "तिने बऱ्याच दिवसांत तो दाबलेला नाही. तुझ्या लक्षात आलं?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवटचा कधी दाबला, ते दोघींनी आठवून पाहिलं. नाही आठवलं.